लुप्त नद्या आणि वाळूची साक्ष

नदी ही आपल्याला भूमीवरील सर्वांत चिरंतन वस्तू वाटते. राज्ये बुडाली, राजधान्या ओस पडल्या, भाषा पालटल्या, तरी गंगा ती गंगा आणि गोदावरी ती गोदावरी, अशी आपली दृढ समजूत असते. स्नानाच्या संकल्पात, गावाच्या शिवेच्या दाखल्यात, दोन राज्यांमधल्या तहनाम्यात आपण नदीचे नाव घालतो ते याच विश्वासाने. परंतु भूविज्ञानाच्या दृष्टीने पाहू जाता नदीइतकी चंचल वस्तू पृथ्वीच्या पाठीवर विरळाच आढळेल. पर्वत झिजावयास कोट्यवधी वर्षे लागतात. त्याच पर्वतावरून उतरणारी नदी मात्र एखाद्या महापुरात जुने पात्र सोडते, शेजारच्या नदीचा माथा कुरतडून तिचे पाणी आपल्याकडे वळवते, आणि भूमीचा कल फिरला तर पूर्वी ज्या समुद्राला मिळत होती त्याच्याकडे पाठ करून भलत्याच समुद्राला जाऊन मिळते. तिचे पाणी वाहून जाते, काठ ढासळतात, पात्र बुजते. मागे राहतो तो केवळ गाळ. आणि तो गाळ वरच्या थरांच्या भाराखाली दबून, भूजलातील द्रव्यांनी सांधला जाऊन जेव्हा खडक होतो, तेव्हा त्या नदीचे उरलेसुरले सारे दप्तर त्या खडकात बंद होते. म्हणून प्राचीन नदीचा शोध घ्यावयाचा म्हणजे वालुकाश्मातील वाळू कोणत्या डोंगराची, हे विचारावयाचे.

या शोधाविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते प्रारंभीच सांगून टाकतो. लुप्त नदी कोणीही पाहिलेली नसते; ती पुराव्यावरून काढलेले अनुमान असते. परस्परांशी संबंध नसलेले पुरावे जितके एकमेकांना मिळतील तितके ते अनुमान बळकट, आणि आपल्या इच्छेचा टेकू त्याला जितका अधिक लागेल तितके ते दुबळे. एवढे मान्य केले की दुसरी गोष्ट ओघानेच येते: ज्या नदीविषयी आपल्याला ममत्व आहे तिला एक कसोटी, आणि जिच्याशी आपले काही देणेघेणे नाही तिला दुसरी, असा भेद करण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. आपल्याकडे हा भेद सर्रास केला जातो, आणि त्यात सत्याचे व नदीचे, दोघांचेही नुकसान होते.

एखादी नदी कल्पनेत किती सहज जन्माला येते आणि पुराव्यापुढे तिला कशी माघार घ्यावी लागते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. १९१९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील दोन अधिकारी, एडविन पॅस्को आणि गाय पिलग्रिम, एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच निष्कर्षाला पोचले. आसामपासून पंजाबपर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांचा जो अखंड पट्टा आहे, त्याचे वालुकाश्म आणि पिंडाश्म नदीच्याच गाळाचे. तेव्हा, त्यांनी तर्क केला, या संपूर्ण पट्ट्यातून पूर्वी एकच महानदी वायव्येकडे वाहत असली पाहिजे, आणि ती पंजाबात वळून सिंधच्या बाजूने अरबी समुद्राला मिळत असली पाहिजे. पॅस्कोने तिला ‘इंडोब्रह्म’ म्हटले, पिलग्रिमने ‘शिवालिक नदी’. आजची गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या त्या एकाच सम्राज्ञीच्या मोडलेल्या साम्राज्याच्या तीन वाटण्या ठरल्या. गंगा आणि सिंधू या दोन्ही नद्यांत आंधळा डॉल्फिन आढळतो, याचाही दाखला या कल्पनेच्या पुष्ट्यर्थ दिला जाई. कल्पना भव्य होती, सुटसुटीत होती, आणि अनेक फुटकळ गोष्टींचा उलगडा एका फटक्यात करणारी होती. अशा कल्पनेचे आकर्षण शास्त्रज्ञालाही आवरत नाही, आणि तिचा पगडा पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांवर राहिला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

तथापि पट्टा अखंड आहे म्हणून नदीही अखंड होती, हे अनुमान मुदलात कच्चे होते. एकाच डोंगररांगेतून शेजारीशेजारी उतरणाऱ्या शंभर नद्यांनी पायथ्याशी आपापला गाळ पसरला, तर त्या गाळांचाही शेवटी एकमेकांत मिसळून अखंड पट्टाच होईल. म. स. कृष्णन् आणि एन. के. एन. अय्यंगार यांनी १९४० साली सर्वेक्षणाच्याच नियतकालिकात ही नदी मुळात होती काय, असा सरळ प्रश्न विचारून या मताला हरकत घेतली. पुढे शिवालिकातील तिरपे थर ठिकठिकाणी मोजले गेले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी प्रवाहाचा रोख पर्वताला समांतर, वायव्येकडे निघण्याऐवजी पर्वतापासून दूर, दक्षिणेच्या बाजूला निघाला. वाळूतील खनिजांचे मिश्रणही पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखे राहत नाही. त्या त्या भागाची वाळू त्या त्या भागाच्या पाठीमागील हिमालयाची खूण सांगते. एकच महानदी सर्व गाळ ढवळून घेऊन जात असती तर असे झाले नसते.

अखेरचा पुरावा आला तो हिमालयापासून फार दूर, समुद्राच्या तळातून. बंगालच्या उपसागराच्या तळाशी गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या गाळाचा सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचा अवाढव्य पंखा पसरलेला आहे. जगात गाळाची इतकी मोठी रास दुसरी नाही. १९८७ साली एका वैज्ञानिक जहाजाने या पंख्याच्या दक्षिण टोकाला, श्रीलंकेच्याही खाली, विषुववृत्ताजवळ समुद्रतळ वेधला, तेव्हा सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतही हिमालयाचाच गाळ सापडला. हिमालयाचा सारा गाळ जर अगदी अलीकडच्या भूकाळापर्यंत इंडोब्रह्माबरोबर अरबी समुद्राकडे जात होता, तर तो पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताजवळ पोचला कोणत्या वाटेने? या प्रश्नाला उत्तर नाही. नकाशावर अतिशय शोभणारी ती नदी वाळूने नामंजूर केली. पॅस्को आणि पिलग्रिम यांच्या विद्वत्तेला यामुळे बाध येत नाही. त्यांनी आपला दावा तपासता येईल अशा शब्दांत मांडला, म्हणूनच तो तपासून फेटाळता आला, आणि हे श्रेय मी लहान समजत नाही.

आता ही तपासणी चालते कशी, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण सारा वाद शेवटी वाळूच्या कणाशी येऊन थांबतो. वालुकाश्मातील पुरावे तीन जातींचे असतात. थरांचा तिरपेपणा पाण्याचा रोख सांगतो: वाहत्या पाण्याखाली वाळूच्या लाटा पुढे सरकतात, त्यांच्या उतरत्या बाजूवर कण घरंगळून पातळ पातळ थर बसतात, आणि ते थर ज्या बाजूला उतरतात ती प्रवाहाची दिशा. कणांची जात मूळ खडकाची जात सांगते. अभ्रकाचे पुष्कळ पापुद्रे, तामडीचे कण, कायनाइटच्या निळसर पट्ट्या दिसल्या की उगमाकडे भट्टीतून निघालेला रूपांतरित खडक आहे हे समजावे. ताजा फेल्डस्पार टिकून असेल तर ग्रॅनाइट फार लांब नाही, किंवा हवा फारशी दमट नव्हती. इंग्लंडातील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खडकाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरण्याची पद्धत रूढ केली, आणि लोकांच्या उपहासाला न जुमानता वाळूच्या एकेका कणाच्या पूर्वजन्माची चौकशी केली. आजचे हे सारे शास्त्र त्याचे ऋणी आहे. तिसऱ्या जातीचा पुरावा कणाच्या वयाचा, आणि त्याचा मानकरी झिरकॉन.

झिरकॉन हे झिर्कोनियमचे सिलिकेट. त्याचा कण बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा; मूळ ग्रॅनाइटात तो दोन्ही टोकांना निमुळता, काचेसारखा स्वच्छ स्फटिक असतो, नदीतून लांब आलेला असेल तर त्याची टोके बोथट झालेली दिसतात. तो गारेहून कठीण आणि गारेहून पुष्कळ जड. प्रयोगशाळेत वालुकाश्म कुटून, चाळून, पाण्यावर धुऊन, मग जड द्रवात बुडवून हलकी वाळू वर तरंगत ठेवतात आणि तळाशी बसलेल्या चिमूटभर जड कणांतून चुंबकाने लोहयुक्त कण काढून टाकतात. उरलेल्यांतून झिरकॉन एकेक करून निवडतात, राळेत बसवतात, आणि अर्ध्यापर्यंत घासून त्यांचे पोट उघडे करतात. विशिष्ट प्रकाशात पाहिले की आतली वाढीची वलये दिसतात. कित्येकदा मधोमध जुना गाभा आणि त्याभोवती नंतरच्या पर्वतजननात चढलेले नवे कवच, असा दुहेरी जन्मही एकाच कणात सापडतो. या वलयांतील एखादी जागा पाहून लेसरने केसाच्या जाडीहून लहान खड्डा पाडतात आणि उडालेल्या धुळीतील युरेनियम व शिसे मोजतात.

ही मोजणी विश्वासार्ह का, याचे कारण स्फटिकाच्या घडणीत आहे. झिरकॉन घडताना युरेनियमला आपल्या जाळीत जागा देतो, शिशाला देत नाही. त्यामुळे आत सापडणारे शिसे जवळजवळ सारे युरेनियमाच्या क्षयातून नंतर निर्माण झालेले. युरेनियमाच्या दोन समस्थानिकांपैकी एकाचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, दुसऱ्याचे सुमारे ७० कोटी. अशा रीतीने एकाच कणात निरनिराळ्या वेगाने चालणारे दोन कालमापक असतात, आणि दोघांचे उत्तर जुळले तरच तारीख ग्राह्य धरतात. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील काही झिरकॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत, म्हणजे ज्या खडकात ते प्रथम घडले तो खडक केव्हाच नाहीसा झाला, आणि त्याची एकमेव नोंद हे कण घेऊन बसले आहेत. मात्र एका कणाच्या वयावरून काही ठरत नाही. नमुन्यातील वीसांश किंवा त्याहून मोठा कोणताही गट नजरेतून निसटू नये अशी पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल तर किमान ११७ कण मोजावे लागतात, असे संख्याशास्त्राचे गणित आहे. आणि त्या शंभर-सव्वाशे वयांचा आलेख काढून तो संभाव्य डोंगरांच्या आलेखांशी ताडून पाहावा लागतो. या पद्धतीने काय साधते ते पाहावयाचे तर अमेरिकेतील नॅव्हाहो वालुकाश्म पाहावा. पश्चिमेच्या वाळवंटात उभ्या असलेल्या या जुरासिक काळच्या वाळूच्या डोंगरांतील झिरकॉनांचा मोठा हिस्सा खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या, पूर्वेकडील ॲपलाचियन पर्वताचा निघाला, आणि १५-२० कोटी वर्षांपूर्वी संपूर्ण खंड ओलांडणारी नदी तेथे मानावी लागली.

येथवर वाचून कोणास वाटेल की झिरकॉन हाती आला म्हणजे फैसला झाला. मला नेमके याच ठिकाणी वाचकाला थांबवावयाचे आहे. झिरकॉन आपले जन्मस्थान सांगतो. तो कोणत्या वाटेने, कितव्या खेपेला आला, हे सांगत नाही. तो इतका टिकाऊ आहे की एका नदीने त्याला किनाऱ्यावर टाकावे, तेथे त्याचा वालुकाश्म व्हावा, तो वालुकाश्म कोट्यवधी वर्षांनी उचलला जाऊन झिजावा, आणि तोच कण दुसऱ्या नदीने पुन्हा उचलून नव्या गाळात ठेवावा, असे अनेकदा घडते. दुसऱ्या गाळात तो पहिल्याच पर्वताचे नाव सांगतो, आणि ऐकणाऱ्याची फसगत होते. शिवाय सर्व खडक त्याला सारख्या प्रमाणात जन्म देत नाहीत. आपल्या सह्याद्रीचेच पाहा: ज्या काळ्या कातळाने अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र झाकला आहे त्या बसाल्टात झिरकॉन जवळजवळ नाहीच. उद्या कोणी कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळचा गाळ केवळ झिरकॉनांवरून तपासू लागला, तर या नद्या सह्याद्रीत उगम पावतात हे त्याला कधी कळणारही नाही. त्याला तेलंगण-आंध्रातील जुने ग्रॅनाइट आणि नाइस तेवढे दिसतील. सह्याद्रीची खूण शोधावयाची तर चिकणमातीतील खनिजे, मॅग्नेटाइटचे व इल्मेनाइटचे काळे कण, किंवा स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण विचारावे लागते. म्हणून एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हा न्यायदानाचा नियम येथेही तंतोतंत लागू आहे. झिरकॉनाच्या जोडीला अभ्रक घ्यावे, कारण अभ्रकाचे पापुद्रे नाजूक असून दुसऱ्या खेपेच्या प्रवासात बहुधा टिकत नाहीत. निओडिमियमचे समस्थानिक घ्यावेत, कारण ते बारीक चिखलाचाही उगम सांगतात. आणि वाळू केव्हा पुरली गेली याची तारीख प्रकाशोत्सर्जनाच्या पद्धतीने निराळी काढावी, कारण कणाचे वय आणि थराचे वय या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या पार्श्वभूमीवर सरस्वतीच्या प्रश्नाकडे यावे. हरियाणा, उत्तर राजस्थान आणि पाकिस्तानातील चोलिस्तान या प्रदेशांतून घग्गर-हाक्रा नावाचे एक रुंद, बहुतेक वर्षभर कोरडे पात्र जाते; त्याच्या काठी हडप्पा संस्कृतीची शेकडो वसतिस्थाने आहेत; आणि तेच वेदांतील सरस्वतीचे पात्र, असे मत एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. सी. एफ. ओल्डहॅम यांनी १८७४ मध्ये आणि आर. डी. ओल्डहॅम यांनी १८८६ मध्ये या लुप्त नदीवर लिहिले, १९८० मध्ये यश पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तिचे जुने पात्र रेखाटले. पात्राच्या रुंदीविषयी वाद नव्हता. वाद होता तो असा, की आज शिवालिकाच्या परिसरात उगम पावणारी, पावसावर जगणारी घग्गर एवढे पात्र कसे कोरील? यमुना किंवा सतलज, किंवा दोन्ही, पूर्वी तिकडे वाहत असल्या पाहिजेत. आणि तशा वाहत असल्या तर केव्हापर्यंत?

हा प्रश्न श्रद्धेने किंवा अश्रद्धेने सुटणारा नव्हता. तो वाळूने बऱ्याच अंशी सोडवला आहे. २०१२ साली पीटर क्लिफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोलिस्तानातील पुरलेल्या वाळूचे झिरकॉन तपासून दाखवले, की यमुनेचा गाळ एके काळी खरोखरच तिकडे जात होता, परंतु यमुनेने पूर्वेची वाट धरली ती सुमारे ४९,००० ते १०,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान. त्याच वर्षी लिव्हिउ गिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूरूपांच्या आधारे मांडले, की हडप्पा काळी घग्गर-हाक्रा ही मोसमी पावसाची नदी होती, हिमनद्यांची नव्हे. २०१७ साली कानपूरच्या आयआयटीतील राजीव सिन्हा आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संजीव गुप्ता यांच्या गटाने घग्गरच्या काठी कालिबंगनजवळ खोल वेध घेऊन झिरकॉन, अभ्रक आणि थरांच्या तारखा असे तिन्ही पुरावे एकत्र ठेवले. सतलज त्या पात्रातून वाहत होती, परंतु सुमारे १५,००० वर्षांपूर्वीपासून ती तेथून सरकू लागली आणि ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या आजच्या वाटेला पूर्णपणे लागली, असा त्यांचा निष्कर्ष. हडप्पा संस्कृतीची नगरे भरभराटीस आली ती सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी. म्हणजे महानदी निघून गेल्यावर तिने मागे ठेवलेल्या खोलगट, सुपीक खोऱ्यात, लहान पावसाळी प्रवाहाच्या आश्रयाने ती नगरे वसली.

याच्या उलट मत मांडणारा एक तोलामोलाचा अभ्यास २०१९ साली अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी येथील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यांच्या मते ८०,००० ते २०,००० वर्षांपूर्वी आणि पुन्हा ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वी ही नदी बारमाही होती, आणि दुसऱ्या काळात सतलजेच्या फाट्यांतून तिला उच्च हिमालयाचे पाणी मिळत असावे. हे मत कोणी हेटाळणीने उडवून देऊ नये. त्याच्यामागे अभ्रकांच्या तारखा आणि समस्थानिकांची मोजमापे आहेत. तरीही, दोन्ही बाजू वाचून माझे मत पहिल्या बाजूकडे झुकते. पूर्वीच्या महानदीने त्याच खोऱ्यात उच्च हिमालयाची अमाप वाळू टाकून ठेवली होती. नंतरच्या लहान प्रवाहाने आपलेच जुने काठ कोरून ती वाळू पुन्हा वाहिली, तर तिच्यातही उच्च हिमालयाची खूण दिसणारच. पुनर्वाहनाचा हा संशय पुरता फिटेपर्यंत उगमाची खूण म्हणजे जिवंत महानदीचा दाखला, असे मला मानता येत नाही. अधिक वेध घेतले जावेत, अधिक नमुने तपासले जावेत, आणि त्यांनी माझे मत खोटे ठरवले तर ते मी आनंदाने सोडीन.

परंतु सभांतून आणि वृत्तपत्रांतून या प्रश्नाची जी चर्चा होते तिच्यात या वाळूला क्वचितच बोलू दिले जाते. एका बाजूला नदी सापडली म्हणजे राष्ट्राची प्रतिष्ठा सिद्ध झाली असे मानणारे लोक आहेत, तर दुसऱ्या बाजूला नदीचे नाव काढताच तो केवळ अभिनिवेश म्हणून झटकून टाकणारे. पहिल्यांना ८,००० वर्षांचा आकडा नको असतो. दुसऱ्यांना यमुना व सतलज खरोखर तिकडून वाहत होत्या हा भाग नको असतो. वाळूने दोघांनाही अर्धा होकार आणि अर्धा नकार दिला आहे. मला तर नगरांच्या जन्माची ही नवी हकीकत जुन्या कल्पनेपेक्षा अधिक मोलाची वाटते. बेफाम पूर आणणारी, पात्र बदलत हिंडणारी महानदी शेजारी असण्यापेक्षा तिने सोडून दिलेले शांत खोरे मनुष्याला वसतीस अधिक सोयीचे, हा विचार त्या प्राचीन नगररचनाकारांच्या शहाणपणाला कमीपणा आणीत नाही, वाढवतो.

आणि आता ज्या नदीविषयी कोणालाच ममत्व नाही तिच्याकडे वळतो. वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या खोऱ्यात, नागपूरपासून चंद्रपूर-वणीवरून सिरोंच्यापर्यंत, गोंडवन कालखंडाचे वालुकाश्म पसरलेले आहेत. बल्लारपूर, घुग्घुस, उमरेड येथील दगडी कोळसा त्यांच्यातलाच. नागपूरजवळच्या कामठीचे नाव तर त्यांतील एका थरसमूहाला जगभरच्या ग्रंथांत मिळाले आहे. या खडकांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख; त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात, १८५० नंतरच्या वर्षांत, या भागातील जीवाश्म वेचले, आणि १८६३ साली नदी ओलांडताना हिस्लॉप बुडून वारले. कामठीच्या वालुकाश्माची एखादी उभी कापलेली भिंत पाहावी. पिवळसर-तांबूस वाळूचे थर, लोहाच्या गंजाच्या रेघांनी अधोरेखित झालेले; मोठ्या आडव्या थरांच्या पोटात बोटभर जाडीचे तिरपे थर, सारे एकाच बाजूला कललेले, मधूनच गारेच्या गोट्यांची एखादी रांग. होकायंत्र धरून त्या तिरप्या थरांचा उतार मोजला, आणि अशी मोजणी खोऱ्यातील अनेक ठिकाणी केली, तर बहुतांशी रोख निघतो तो उत्तर-वायव्येकडे. प्राणहिता आणि गोदावरी आज वाहतात त्या आग्नेयेकडे, बंगालच्या उपसागराला. म्हणजे पंचवीस कोटी वर्षांमागे याच खोऱ्यातली नदी आजच्या नदीच्या नेमक्या उलट वाहत होती. दामोदरच्या खोऱ्यातील गोंडवन खडकही अशीच उलटी दिशा दाखवतात.

त्या नदीचा उगम कोठे होता? आज ज्या बाजूला बंगालचा उपसागर आहे त्या बाजूला तेव्हा समुद्र नव्हता. तेथे अंटार्क्टिकाची भूमी भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून होती. ती दुरावली आणि पूर्व किनारा जन्माला आला तो सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा चंद्रपूरच्या वाळूतील काही कण आज बर्फाखाली गाडलेल्या डोंगरांचे असू शकतील, ही शक्यता भूवैज्ञानिकांनी गांभीर्याने घेतली आहे. विदर्भातल्या एका वालुकाश्माच्या ढेपेने दक्षिण ध्रुवाच्या खंडाचा पत्ता सांगावा, याहून विस्मयकारक कथा कोणत्या पुराणात आहे? तरी या नदीसाठी कोणी सभा भरवत नाही, तिचे नाव ठेवण्याचा कोणी आग्रह धरत नाही, कारण तिने आपल्या पूर्वजांपैकी कोणाला पाणी पाजले नाही. पुरावा तोच, पद्धत तीच, निष्कर्ष कदाचित अधिक निर्विवाद. उणीव आहे ती केवळ अभिमानाला खतपाणी मिळण्याची.

या उपेक्षेचा व्यवहारी परिणाम असा होतो, की पुरावा डोळ्यांदेखत नष्ट होतो. वर्धा खोऱ्यातील उघड्या खाणींत कोळशाच्या वरचा वालुकाश्म सुरुंगाने फोडून, डंपरांत भरून ओव्हरबर्डनच्या ढिगाऱ्यांवर ओतला जातो. एकदा ढिगात पडलेला दगड कोणत्या थरातला, त्याचे तिरपे थर कोणत्या दिशेला होते, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. कोळसा काढू नये असे मी म्हणत नाही. परंतु प्रत्येक नवा टप्पा फोडण्यापूर्वी तेथील प्रत्येक थराचा एकेक नमुना घ्यावा, त्याच्या खोलीची, स्थळाची आणि थरांच्या दिशेची नोंद करावी, आणि शोधवेधांतून निघालेले खडकाचे दंडगोल फेकून न देता क्रमवार जपावेत, एवढे करावयास फारसा खर्च नाही. नागपूर आणि गडचिरोली येथील विद्यापीठांनी याची मागणी करावी, खाणींच्या चालकांनी ती मान्य करावी, आणि सरस्वतीसाठी ज्यांचे अंतःकरण तळमळते त्या सर्वांनी आपल्या दाराशी असलेल्या या निनावी नदीच्या नमुन्यांसाठीही एकदा आग्रहाने अर्ज करावा.